आधी हेड, मग माइक: सांगलीत हार्ड रॉकचा ड्रम सेट घेणं आणि घरीच रेकॉर्ड करणं

माझं पहिलं घरचं रेकॉर्डिंग ऐकून बहिणीने विचारलं होतं, "दादा, पत्र्याचे डबे कोण बडवतंय?" सेटला आठ माइक लावले होते. उसनवारी करून माइक लॅपटॉपला जोडणारा आठ चॅनेलचा इंटरफेस आणला होता. ड्रमवर मात्र सेटसोबत आलेली मूळ हेड (ज्यावर काठी पडते ते प्लास्टिकचे पडदे) होती, चार वर्षं झोडपलेली, मधोमध खड्डे पडलेली. खोली विश्रामबागेतली दहा बाय बारा, खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब. आठही माइकांनी हे सगळं इमानेइतबारे टिपलं.

त्यामुळे मी ज्या क्रमाने पैसे घातले, त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने हा लेख लिहितोय. आधी जागा, मग ड्रम, मग हेड आणि ट्यूनिंग, आणि सगळ्यात शेवटी माइक. बँजो पथकात किंवा ऑर्केस्ट्रात हात तयार झालेला आहे आणि आता स्वतःचा बँड काढून हार्ड रॉक वाजवायचंय, अशा पोरापोरींसाठी हे आहे. पॅराडिडल (हातांच्या सरावाचा एक पाठ) कसं वाजवायचं ते इथे मिळणार नाही.

कुठे वाजवणार?

जोरात वाजणारा ड्रम सेट वाजवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. इअरप्लग किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन ही खरेदी स्टिकच्याही आधीची. कानात शिट्टी कायमची बसली की ती परत जात नाही.

शेजाऱ्यांचं बोलायचं तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची पातळी आहे आणि रात्र १० ला सुरू होते. ड्रम या आकड्यांत बसत नाही, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून वेळ ठरवून घ्या. मी संध्याकाळी ५ ते ६ अशी घेतली होती. हवेतला आवाज खिडकी लावली की बराच कमी होतो. किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, दणका मात्र स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो आणि खालच्या काकूंच्या मांडणीतली भांडी वाजायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल, दर फूट-सव्वाफुटावर एक. वर जाड सतरंजी. हादरे थांबत नाहीत, पण तक्रारीचा सूर खाली येतो.

आता खोलीचं गणित. दहा फूट अंतराच्या दोन समांतर भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट अडकते, बारा फुटांत ४७ ची. २२ इंची किकचा मूळ आवाज याच पट्ट्यात असतो. म्हणून छोट्या खोलीत एका जागी किक छातीवर आदळते आणि दोन पावलं सरकलं की गायब होते. खोलीच्या बरोबर मधोमध बेस सगळ्यात पातळ. सेट मध्यापासून फूट-दोन फूट एका बाजूला सरकवा, कोपऱ्यात कोंबू नका.

अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. १०० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण ८५ सेंटिमीटर. तिला इंचभर फोम किंवा पुठ्ठा काय अडवणार? त्याने फक्त वरची सळसळ कमी होते आणि खोली आणखी घुमी वाटायला लागते. लाकडी चौकटीत ४ इंच रॉकवूल, मागे ४ इंच मोकळी जागा, वर कापड, असे चार-सहा पॅनल करा आणि दोन तरी कोपऱ्यांत तिरके उभे करा. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. पैसे नसतील तर आजीच्या वाकळा. दोरीवर दुमडून भिंतीपासून वीतभर लांब टांगलेली जाड वाकळ सिंबलचा (धातूच्या झांजेचा) कर्कशपणा चांगला खाते. बेसला मात्र तिचा उपयोग नाही.

माझं चांगलं रेकॉर्डिंग शेवटी झालं ते मामाच्या बेदाण्याच्या गोदामात. हंगाम संपलेला, वीस फुटांवर पत्रा, एका भिंतीला रिकाम्या बारदानांची थप्पी. उंच छताला तोड नाही. एका मित्राने हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, माइक सोडून घुमारा टिपायची टूम काढली होती. माइक दोरीने सोडा हवा तर, पण स्वतः उतरू नका. बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि माणूस गुदमरतो, हे हरिपुरात कुणालाही विचारा.

शेल (ड्रमचं खोड): कमी पैशात इथेच भागतं

हार्ड रॉकसाठी पाच-सहा टॉमची (मधल्या मापाच्या ड्रमची) रांग लागत नाही. जॉन बॉनमने लेड झेपेलिनमध्ये समोर एक टॉम, बाजूला पायांवर उभे दोन फ्लोअर टॉम आणि एकच पेडल एवढ्यावर काम केलं. त्याची किक मात्र २६ इंची होती. तेवढी आपल्याला नको, ती मोठी जागा मागते आणि ताब्यात ठेवायलाही अवघड. २२ इंची किक, १२ किंवा १३ चा एक टॉम, १६ चा फ्लोअर टॉम. खोली मोठी असेल आणि हातात जोर असेल तर २४ ची किक. १० इंची टॉम फ्यूजनवाल्यांसाठी सोडून द्या.

लाकडावरून लोक तासन्‌तास भांडतात. बर्चचा ठोका टोकदार आणि लवकर मिटणारा, मेपलचा भरीव आणि लांबणारा, पॉपलर स्वस्त आणि मवाळ. पण नवीन हेड आणि नीट ट्यूनिंग केलेला पॉपलर जुनी हेड असलेल्या मेपलला घरी बसवतो. यामाहा स्टेज कस्टम बर्चचा आहे, पर्ल एक्स्पोर्ट १९८२ पासून जगभर पोरांचा पहिला सेट आहे. हे दोन्ही वापरलेले मिळतात आणि वापरलेलाच घ्यावा असं माझं मत.

वापरलेला सेट बघायला जाताना टॉर्च आणि ड्रम की (हेडचे रॉड कसायची किल्ली) खिशात ठेवा. मालकाला हेड काढायला सांगा. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. शेल टीपॉयच्या काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथं ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीतला दिवा घालवा आणि कडेशी डोळा न्या. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथे बेअरिंग एज, म्हणजे हेड जिथे टेकतं ती कड, बसलेली आहे किंवा शेलच वाकलंय. केसाएवढी फट चालेल. पोस्टकार्ड सरकेल एवढी असेल तर तो ड्रम कधीच सुरात लागणार नाही. मग प्रत्येक लगमध्ये (शेलवरच्या आटेदार खोबणीत) हेड कसणारा रॉड हाताने फिरवून बघा. कुरकुरला तर शिलाई मशीनच्या तेलाच्या थेंबावर भागतं, जागेवरच फिरत राहिला तर आटे गेलेत. थरांवरून नख फिरवा, कुठे फुगलंय का ते कळतं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुराचं पाणी प्यायलेले सेट पॉलिश करून विकायला येतात.

पैसे घालायचेत ते सिंबल आणि स्नेअरवर

शेलचा आवाज हेड बदलून सुधारतो, सिंबलचा कशानेही नाही. स्वस्त सेटसोबत पितळी सिंबल येतात, ते कळशी पडल्यासारखे वाजतात. चांगले सिंबल ब्राँझचे. बी२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, आपल्या काशाच्या वाटीच्या अगदी जवळचा धातू. बी८ मध्ये कथील ८ टक्के. बी८ म्हणजे दुय्यम असं समजू नका. पाइस्टी २००२ ही मालिका बी८ चीच आहे आणि हार्ड रॉकच्या कित्येक मोठ्या ड्रमरनी तीच वाजवली. तिचा आवाज उजळ आणि थेट, डिस्टॉर्शनवाल्या गिटारच्या भिंतीतून आरपार जाणारा.

माप मोठं घ्या: १४ किंवा १५ चा हाय-हॅट (पायाने मिटणारी जोडी), १८ आणि १९ किंवा २० चे क्रॅश (जोरात फुटणारे), २२ ची राइड (ताल धरायची). कोरसमध्ये आपण क्रॅशवरच आठ-आठ बार काढणार, १६ चा पातळ क्रॅश त्याला टिकत नाही. आधी हाय-हॅट आणि एकच क्रॅश घ्या, बाकी नंतर. वापरलेला घेताना कडेवरून नख फिरवा आणि मधल्या भोकाभोवती कुलपाच्या भोकासारखी झीज बघा. चीर असेल तर फुकटसुद्धा नको. स्टँडवर कसताना विंगनट आवळू नका, सिंबल मोकळा डुलला पाहिजे, कित्येक चिरा तिथूनच पडतात. आणि एक घरगुती इशारा: आमच्या आईने एका दिवाळीत माझी राइड चिंच लावून काथ्याने लख्ख घासून ठेवली. देवघरातल्या समईशेजारी ती शोभत होती, पण लोगो गेला आणि वापरलेल्या बाजारात तिची किंमतही.

स्नेअर (खाली तारा लावलेला, कडक वाजणारा ड्रम) १४ बाय साडेसहा इंच. बॉनमचा लुडविग सुप्राफोनिक याच मापाचा, क्रोम चढवलेल्या अॅल्युमिनियमचा होता. धातूचं साडेसहा इंची शेल आवाज वाढवलेल्या अँपसमोर हार मानत नाही. सेटसोबत आलेला पाच इंची लाकडी स्नेअर सरावाला ठेवा. पेडल बळकट घ्या, डबल पेडलची घाई नको. स्टिक ५बी, साधारण १५ मिलिमीटर जाड, हिकरीच्या.

हेड आणि ट्यूनिंग

इथे थांबून वाचा, कारण अर्धा आवाज इथे आहे.

आपला हलगीवाला वाजवण्याआधी पाचट पेटवून कातडं शेकतो, कान देऊन टणत्कार आला की मगच खांद्याला लावतो. पावसाळ्यात दर पंधरा मिनिटांनी परत शेक. ड्रम सेटचं हेड १९५७ च्या सुमारास कातड्यावरून प्लास्टिकवर गेलं, त्यामुळे ते दमट हवेने ढिलं पडत नाही. तेव्हापासून आपण आळशी झालो, वाजवण्याआधी कान लावणंच सोडून दिलं.

टॉमवर वरच्या बाजूला दोन थरांचं पारदर्शक हेड, रेमो एम्परर किंवा इव्हान्स जी२ जातीचं. दोन्हींत ७ मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन थर असतात, मार खातात आणि स्वर भरीव देतात. खाली १० मिलचं एकेरी. किकवर कडेला दाबपट्टी असलेलं, पॉवरस्ट्रोक ३ (पट्टी आतून) किंवा ईमॅड (पट्टी बाहेरून). स्नेअरवर कोटेड, खाली ३ मिलचं स्नेअर-साइड. खालचं हेड इतकं पातळ असतं की चुकूनही त्यावर काठी मारू नका. आठवड्यातून तीन-चारदा जोरात वाजवत असाल तर वरची हेड सहा महिन्यांत मेलेली असतात, दिसायला चांगली असली तरी. रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी बदला. आदल्या रात्री बदलाल तर टेकमध्येच उतरत जातील.

क्रम असा. दोन्ही हेड काढा, कड सुक्या फडक्याने पुसा. खालचं हेड आधी. सगळे रॉड बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग कीने समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा. सुरकुत्या गेल्या की तळहाताने मध्यभागी दाबा. चर्रकन आवाज येईल, घाबरू नका, हेड बसतंय. आता ड्रम गादीवर ठेवा, म्हणजे दुसरी बाजू गप्प राहील, आणि प्रत्येक रॉडपासून इंचभर आत स्टिकने हलकं टिचका. सगळीकडे एकच स्वर आला पाहिजे. जिथे उतरलाय तिथे पाव फेरा, चढलाय तिथे ढिला करून परत वर आणा.

हे ऐकायचं कसं ते मला मिरजेत कळलं. सतारमेकर गल्लीत एका कारागिराकडे मित्राचा तानपुरा जवारीला, म्हणजे तारेखालची घोडी घासून स्वर खुलवायला, दिला होता. ते एक तार छेडायचे, डोळे मिटायचे, घोडीवरून कानशीचा एक हलका हात, परत छेडायचे. स्वर तोच, पण त्याचं शेपूट बदलत जायचं. मी घरी येऊन टॉमकडे तसंच ऐकलं. ठोका नाही, ठोक्यानंतर जे उरतं ते. शेपूट लहरत असेल, वॉंव-वॉंव करत असेल, तर दोन रॉड एकमेकांशी भांडतायत. सरळ मिटत असेल तर ड्रम लागला.

खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवा, टॉम गुरगुरतो आणि वेळेत थांबतो. १३ चा टॉम आणि १६ चा फ्लोअर यांच्यात फ्लोअरला सा धरून टॉम मध्यमावर आणा. किकचं वरचं हेड सुरकुत्या मिटल्यानंतर फक्त पाव फेरा, पुढचं त्याहून किंचित कसलेलं, त्यात कडेला पाच इंची भोक. आत एक घडी घातलेली वाकळ, दोन्ही हेडना जेमतेम टेकेल एवढी. उशा कोंबल्या की किक पुठ्ठ्यासारखी वाजते.

स्नेअरचं खालचं हेड चांगलं कडक, अंगठ्याने दाबलं तर किंचितच दबेल. वरचं मध्यम कडक. तारा आधी पूर्ण ढिल्या करा, मग आवाज कुरकुरीत होईपर्यंत आवळा आणि तिथेच थांबा. टॉम मारल्यावर स्नेअर झिरझिरतो, तो थोडा झिरझिरणारच. फारच झाला तर टॉम थोडा वर-खाली करा, तारा आवळून स्नेअरचा गळा दाबू नका.

चार माइक, एक सुतळी

आता कुठे माइक. सुरुवातीला चारच. ही मांडणी इंग्लिश इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते.

पहिला कंडेन्सर (बारकावे टिपणारा संवेदनशील माइक) स्नेअरच्या डोक्यावर, साधारण १ मीटर उंच, खाली रोखलेला. दुसरा कंडेन्सर फ्लोअर टॉमच्या बाहेरच्या बाजूला, त्याच्या रिमच्या वीतभर वर, टॉमवरून आडवा हाय-हॅटकडे बघणारा. कळीची गोष्ट एकच: स्नेअरच्या मध्यापासून दोघांचं अंतर नेमकं सारखं हवं. सुतळीचं एक टोक कुणाला तरी स्नेअरच्या मध्यावर धरायला सांगा, पहिल्या माइकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा. तीच गाठ दुसऱ्या माइकच्या तोंडाशी आली पाहिजे.

का? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन माइकांत ३४ सेंटिमीटरचा फरक पडला तर एकात स्नेअर १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि ५०० हर्ट्झला तेवढ्यात लाट उलटी होते. दोन्ही मिसळले की तो भाग एकमेकांना खातो, स्नेअर पोकळ होतो. माझे पत्र्याचे डबे मुख्यतः हेच होते.

तिसरा माइक किकला, एकेजी डी११२ किंवा शुअर बीटा ५२ए जातीचा, पुढच्या भोकातून तोंड आत जाईल एवढा. चौथा शुअर एसएम५७, स्नेअरच्या रिमवरून दोन बोटं वर, मध्याकडे तिरका. हाय-हॅट त्याच्या बरोबर पाठीमागे येईल असा फिरवा, कारण या माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं.

चारही लावले की हेडफोनमध्ये मोनो करून ऐका. किकच्या चॅनेलचं पोलॅरिटीचं (लाट उलटी करणारं) बटण दाबा, सोडा. ज्या स्थितीत तळ भरतो ती ठेवा. मग स्नेअरचंही तसंच. दोन मिनिटांचं काम आहे, पण दोन दिवसांचं मिक्सिंग वाचवतं.

पाचवा माइक मिळाला तर तो टॉमला न लावता खोलीबाहेर ठेवा. १९७१ मध्ये आलेल्या लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमसाठी ग्लिन यांचे धाकटे भाऊ अँडी जॉन्स यांनी बॉनमचा सेट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या प्रवेशदालनात, जिन्याखाली मांडला आणि दोन माइक वर जिन्यात टांगले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातला ड्रमचा महाकाय आवाज त्या जिन्याचा आहे. तुमच्या इमारतीलाही जिना आहे.

वायरी, वीज, टेक

चार माइक घेणारा, म्हणजे चार प्रीअँपचा इंटरफेस, बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीसारखा, पुरतो. पुढे आठ लागणार हे नक्की असेल तरच यूएमसी१८२० किंवा फोकसराइट १८आय२०. कंडेन्सरसाठी ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) चालू ठेवा, एसएम५७ ला त्याने काही होत नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, लॅपटॉप जुना असला तरी चालतं.

गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच जाते. बोर्डाला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला वायरीपासून लांब ठेवा. पंखा बंद, म्हणून एप्रिल-मेमध्ये टेक सकाळी ७ ला. गळीत हंगामात गोदामात रेकॉर्ड करत असाल तर ऊसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी मोकळ्या माइकमध्ये येणारच. माझ्या एका टेकच्या ब्रिजमध्ये सनई आहे.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चार चॅनेलचा तासाभराचा टेक साधारण २ जीबी होतो. गेन लावताना सगळ्यात जोरातला कोरस वाजवा आणि शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलवर थांबवा. टेस्टला सगळे हळू वाजवतात आणि लाल दिवा लागल्यावर पेटतात, म्हणून एवढी जागा सोडायची. क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) कानात हवी, पण ती हेडफोनमधून गळून ओव्हरहेडमध्ये, म्हणजे त्या दोन कंडेन्सरमध्ये, येणार नाही एवढीच. तीन टेक घ्या. सातव्या टेकला हात दमतो आणि स्नेअर पातळ होतो.

मिक्समध्ये थोडंच करा. दोन ओव्हरहेड डावी-उजवीकडे, पण टोकाला नाही. किकला ६०–८० हर्ट्झवर थोडी भर, ३००–४०० ला काप, ३–४ किलोहर्ट्झला पेडलच्या बीटरची टकटक. स्नेअरला ४:१ कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून आणणं), अटॅक २०–३० मिलिसेकंद, म्हणजे ठोका निसटून जातो आणि मागचं शरीर दाबलं जातं. जिन्यातला माइक बेदम कॉम्प्रेस करून खाली हळूच सरकवा. मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका आणि गाडीत ऐका. स्नेअर दोन्हीकडे दिसला पाहिजे.

पावसाळा

जूनमध्ये सिंबल कोरडे पुसून कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. माइक डब्यात, तेही पुड्यांसोबत. रॉडना तेलाचा थेंब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझी किक गावभागात मित्राच्या तळमजल्यावर होती. आठ दिवसांनी दार उघडलं तर तिचे थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. आता पूर आला नाही तरी जुलै लागला की टॉम फ्लोअर टॉममध्ये, फ्लोअर टॉम किकमध्ये, मधे वाकळ, आणि तो सगळा ऐवज पहिल्या मजल्यावरच्या माळ्यावर. काढलेली हेड वेगळी, उभी.